पाचव्या मजल्यावरची खोली

त्या कंपनीत पाण्याचे पंप बनत, आणि पंपांच्या खालोखाल भांडणं. दोन्हींचे व्यवहार मेलवरून चालत. म्हणून ज्यांच्या हातात मेल सर्व्हर होता त्या बाईंना सगळी कंपनी टपालबाई म्हणायची. तोंडावर नुसतं बाई, पाठ वळली की टपालबाई. बाईंना दोन्ही माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर पाठीमागचंच जास्त आवडायचं.

त्यांची खोली तळमजल्यावर, कॅन्टीनला चिकटून. सर्व्हरला गारवा लागतो म्हणून बाई बारा महिने स्वेटर घालून बसायच्या, आणि भिंतीपलीकडून कांदा परतल्याचा वास यायचा. त्यांचा नवरा म्हणायचा, "तू थंड हवेच्या ठिकाणाहून येतेस की खानावळीतून, ते कळतच नाही."

नवीन माणूस नोकरीला लागला की वरून चिठ्ठी घेऊन बाईंकडे यायचा. बाई त्याला समोर बसवायच्या, त्याचं नाव, विभाग, कर्मचारी क्रमांक टाइप करायच्या आणि त्याचा मेलबॉक्स उघडून द्यायच्या. स्क्रीनवर आपला पत्ता उमटला की भलेभले पुढे झुकून बघायचे. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून, चिठ्ठीची घडी घालून बाई ती हातात ठेवायच्या आणि बजावायच्या, "पाठ कर आणि फाडून टाक." कोणीच फाडायचं नाही. कोणाचं लग्न झालं, कोणाचं मोडलं, हे नातेवाइकांच्या आधी बाईंना कळायचं, कारण नाव बदलून घ्यायला माणसं पहिली त्यांच्याकडे यायची. ही बातमी त्या खोलीबाहेर कधी गेली नाही. बाईंच्या पोटात बरंच काही राहायचं.

सोडून जाणारी माणसंही शेवटी तिथेच यायची. बसायची, दोन-चार जुन्या मेल वाचायची, आणि मग म्हणायची, "करा बंद." विक्री विभागाचा एक बडा अधिकारी होता, ज्याचा जिन्यात पाय वाजला तरी लोकांची पाचावर धारण बसायची. तो त्या खुर्चीत बसून ढसाढसा रडला होता. अशा वेळी बाई छताकडे बघायच्या. त्या छतावरची एकूण एक भेग त्यांच्या ओळखीची झाली होती.

हे सगळं त्यांना शिकवलं मास्तरांनी. मास्तर कुठल्या शाळेत नव्हते. कंपनीत पहिला मेल सर्व्हर त्यांनी बसवला, एवढंच. बाई तेव्हा टायपिस्ट म्हणून लागलेल्या, कॉम्प्युटरला हात लावायला घाबरणाऱ्या. त्यांच्याकडून चूक झाली की मास्तर कान धरायचे, पण स्वतःचा. "मीच नीट सांगितलं नाही, पोरी," म्हणायचे आणि पहिल्यापासून सुरुवात करायचे. तो पहिला सर्व्हर एका लोखंडी कपाटात होता आणि त्याच्यावर टेबलफॅन रोखलेला होता. फॅन थांबला की सर्व्हर तापायचा, आणि सर्व्हर तापला की अख्ख्या कंपनीची मेल ठप्प. म्हणून दोघं आळीपाळीनं जेवायची. एकानं डबा खायचा, दुसऱ्यानं फॅनवर नजर ठेवायची. आता त्या खोलीत चांगली थंड हवेची यंत्रं आहेत, पण बाईंना विचारलं तर आयुष्यातले सुखाचे दिवस ते फॅनचे. त्या वेळी मात्र त्या फॅनला मनसोक्त शिव्या द्यायच्या.

मास्तर निवृत्त झाले, तेव्हा आपला मेलबॉक्स बंद करून घ्यायला तेही रीतसर खाली आले आणि त्या खुर्चीत बसले. माउसवर हात ठेवला, आणि बटण न दाबता स्क्रीनवरच्या आपल्या नावाकडे बघत राहिले. बाईंना ते बघवेना.

"राहू दे मास्तर. उद्या करते मी," त्या म्हणाल्या.

तो उद्या सात-आठ वर्षं लांबला. रोज सकाळी कामावर आल्या आल्या बाई मास्तरांना मेल लिहायच्या: रात्रीचा बॅकअप झाला, डिस्क एवढी भरली, अमुक ठिकाणी मेल अडकल्या होत्या, त्या सोडल्या. आणि तासाभरात मास्तरांचं उत्तर यायचं, बहुतेक वेळा चिडून. "डिस्क सत्तर टक्के भरेपर्यंत झोपली होतीस काय?" बाई ते वाचून खूश व्हायच्या. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं, एकदा कोणाच्या तरी लग्नात त्यांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तुझी मेल येणार असते म्हणून हे सकाळी उठून दाढी करतात. नाहीतर पांघरूण ओढून पडून राहतील. तेवढी थांबवू नकोस गं." झालं. त्या दिवसापासून बाईंच्या लेखी मास्तरांचा जीव त्या मेलबॉक्सला टांगलेला होता.

पुढे नियम आला की निवृत्त माणसांचे मेलबॉक्स चालू ठेवायचे नाहीत. आता बाई नियमाला पक्क्या; स्वतःच्या नवऱ्यालाही त्यांनी कधी ऑफिसचा प्रिंटर वापरू दिला नव्हता. पण इथे त्यांनी जे केलं ते फक्त मेल सर्व्हर सांभाळणाऱ्यालाच सुचेल. सर्व्हरवर माणसांचे मेलबॉक्स असतात तसे बैठकीच्या खोल्यांचेही असतात, खोली आधीच अडवून ठेवता यावी म्हणून. बाईंनी मास्तरांची खोली करून टाकली. जागा: पाचवा मजला. नाव: लहान बैठक खोली. इमारतीला मजले चारच होते, त्यामुळे तिथे कोणी फिरकणार नाही, असा त्यांचा हिशेब.

हिशेब एकदाच चुकला. विक्री विभागातल्या एका नव्या बाईनं ती खोली मागितली, आणि जरा वेळानं ती भांबावून खाली आली. "बाई, पाचव्या मजल्यावरच्या खोलीचं उत्तर आलंय. म्हणते, मला यायला जमणार नाही, गुडघे दुखतात."

"जुनी सिस्टीम आहे," बाई म्हणाल्या. "काहीही बरळते." तोंड धुवायच्या निमित्तानं त्या उठल्या आणि नळाखाली पोट धरून हसल्या.

आणि मग आला कनेक्टर. आयटीचे साहेब एका दुपारी खाली आले, भला माणूस, आणि खुर्ची ओढून म्हणाले, "बाई, आता तुमची दगदग संपणार." एका बाजूला एचआरचं सॉफ्टवेअर, दुसऱ्या बाजूला मेल सर्व्हर आणि मध्ये हा कनेक्टर. एचआरनं माणूस घेतला की हा आपोआप मेलबॉक्स उघडणार. माणूस गेला की आपोआप बंद करणार. खोल्यासुद्धा देखभाल विभागाच्या नोंदींशी ताडून बघणार. ना चिठ्ठी, ना खुर्ची, ना छत. आणि हे बसवायचं कोणी? अर्थात बाईंनी.

बाईंनी बसवला, आणि मन लावून बसवला. वाईट काम त्यांना येतच नव्हतं. कनेक्टरला सर्व्हरवर काम करायला स्वतःचं एक खातं लागतं. ते उघडताना त्यांच्या लक्षात आलं की आपण हातानं उघडतोय ते हे शेवटचं. सवयीनं त्यांनी पासवर्ड चिठ्ठीवर लिहिला, घडी घातली, आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसल्या. मग स्वतःच ती चिठ्ठी फाडली. त्यांना फार एकटं वाटलं, आणि एका यंत्राचा इतका राग आल्याबद्दल लाजही वाटली.

मग चाचणी फेरी. या फेरीत कनेक्टर काही करत नाही, फक्त काय करणार ते सांगतो. साहेब शेजारी बसून बघत होते. सगळं चोख जुळत गेलं आणि शेवटी एकच मेलबॉक्स उरला, ज्याला कुठेच जोड नव्हती.

साहेब चष्मा पुसत म्हणाले, "बाई, आपल्या इमारतीला पाचवा मजला कधीपासून?"

बाईंनी घाईघाईनं यादी वर सरकवली.

"जुनं काहीतरी आहे. बघते मी."

"बघा. ठेवायचं असेल तर अपवादांच्या यादीत टाका, तुम्ही म्हणाल ते मला चालेल," साहेब म्हणाले आणि निघून गेले.

ओरडले असते तर बरं झालं असतं. आता एका क्लिकचं काम होतं: अपवाद, कारण 'जुनी खोली', आणि मास्तर जन्मभर सुरक्षित. पण साहेबांनी डोळे झाकून विश्वास टाकला होता, आणि त्या विश्वासावर खोटं लिहायला बाईंचा हात धजेना. बंद करावा, तर काकूंचे शब्द आठवायचे. दुसऱ्या दिवशी त्यांनी अर्धी रजा टाकली आणि मास्तरांचं घर गाठलं.

दार मास्तरांनीच उघडलं, आणि बाई उंबऱ्यातच थबकल्या. मास्तर केवढेसे झाले होते! सदऱ्याच्या आत माणूस शोधावा लागावा, असे. बाई त्यांना शेवटच्या कधी भेटल्या होत्या? त्या लग्नाला किती वर्षं झाली? मेलमधले मास्तर रोज तसेच तडकायचे, म्हणून बाईंच्या डोळ्यांपुढे फॅनजवळचे ताठ मास्तरच होते. एकाच गावात राहून त्यांनी या माणसाला म्हातारं होताना पाहिलंच नव्हतं.

बाईंनी सगळं सांगून टाकलं. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

"जुळवणी कशावर केलीस? पत्त्यावर की क्रमांकावर?"

"क्रमांकावर."

"शाबास. पत्ते बदलतात. मग मी कसा निसटलो?"

"तुमचा क्रमांक काढला होता मी." बाईंनी मान खाली घातली. "तुमची खोली केली होती, मास्तर. पाचव्या मजल्यावरची."

मास्तरांनी डोळे उघडले. "म्हणून ती बाई मला विचारत होती, तुमच्यात किती खुर्च्या मावतील?"

आणि ते हसायला लागले. हसता हसता ठसका लागला, काकू पाणी घेऊन धावत आल्या, तरी त्यांचं हसू थांबेना. बाईही हसल्या. तो टेबलफॅन बंद पडल्यावर दोघांनी पुठ्ठ्यानं सर्व्हरला वारा घातला होता, त्या दिवसानंतर एवढं हसणं आज होत होतं.

मग मास्तर म्हणाले, "बंद कर तो. मी तीन-चार वर्षांपूर्वीच सांगणार होतो तुला."

"मग सांगितलं का नाही?"

"तू एकटी पडली असतीस म्हणून." मास्तर डोळे पुसत होते. "रोज सकाळी नेमानं लिहायचीस. मला वाटलं, पोरीला तिथे बोलायला कोणी नाही. आपण उत्तर दिलं नाही तर कष्टी होईल. डोळ्यांनी धड दिसत नाही आता मला. हिच्याकडून वाचून घ्यायचो, आणि हीच टाइप करायची."

"अहो, मी तर तुमच्यासाठी लिहीत होते!"

"तुमचं दोघांचं चालू द्या," काकू रिकामा पेला उचलत म्हणाल्या. "चिडून चिडून माझी बोटं दुखायला लागली होती." दाढीचा विषय त्यांनी काढला नाही, आणि बाईंनीही विचारलं नाही. मास्तरांची दाढी चार दिवसांची वाढलेली होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आधी मास्तरांना खोलीतून माणसात आणलं. त्यांचा कर्मचारी क्रमांक त्यांना परत दिला, नाव नीट लिहिलं, निवृत्तीची नोंद तपासली. मग साहेबांना जाऊन सगळं खरं सांगितलं. साहेब म्हणाले, "हे तुम्ही मला सांगितलंत, पण मी काही ऐकलं नाही." बाईंनी कनेक्टर सुरू केला. त्यानं मास्तरांना इतर निवृत्तांसारखंच ओळखलं आणि बंद केलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत. समोरची खुर्ची रिकामी होती, म्हणून बाई स्वतः उठून त्या खुर्चीत जाऊन बसल्या, आणि कोणी नव्हतं तरी छताकडे बघितलं.

त्यानंतरची सकाळ वाईट गेली. काम असं उरलंच नव्हतं; कनेक्टर शहाण्या मुलासारखा सगळं करत होता. बाई मास्तरांना मेल लिहायला सुरुवात करायच्या आणि हात मागे घ्यायच्या. इतकी वर्षं आपण मास्तरांना सांभाळतोय असं त्या समजत होत्या. पण सांभाळ आपला होत होता, आणि तो करणारा माणूस आता पलीकडे नाही, हे त्यांना त्या सकाळी कळलं आणि फार लागलं.

दुपारी डबा संपवून त्यांनी स्वेटर काढून खुर्चीला अडकवला. साहेबांना म्हणाल्या, "जरा बाहेर जाऊन येते," आणि त्या निघाल्या. इतक्या वर्षांत रजा न टाकता, कामाच्या वेळी सर्व्हर एकटा सोडायची ही पहिलीच वेळ. मास्तरांचं घर बसनं तीन थांबे होतं. तीनच! बसमध्ये बाईंना स्वतःचा भयंकर राग आला.

दारावर थाप मारली तेव्हा आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग भिंतीला धरत येणारी पावलं. दार उघडलं. मास्तरांनी डोळे बारीक केले, जवळ येऊन चेहरा ओळखला आणि जे इतक्या वर्षांच्या एकाही उत्तरात विचारलं नव्हतं ते विचारलं.

"जेवलीस का?"

"नाही," बाई भरल्या पोटी म्हणाल्या आणि चपला काढून आत गेल्या.