विष्णूच्या फोनला रेंज होती

मी माझ्या मामेभावाला, विष्णूला फसवलं. आणि त्याच्या चार दिवस आधी त्यानं आणि त्याच्या बापानं मला फसवलं होतं. त्यांनी केलं ते आमच्या अख्ख्या पिशोर गावाला माहीत आहे. मी केलं ते मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही, बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतोय ते मन हलकं व्हावं म्हणून नव्हे. त्याचा फोन नंबर घेतल्याचं माझ्या मनावर काही ओझं नाही. ओझं आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं — येतो तिथवर.

शहरात, गारखेड्यात आम्हा दोघांचा पाण्याच्या टँकरचा धंदा होता. इथं नळाला पाणी कधी येईल हे कुणी सांगावं? उन्हाळ्यात आमचा मोबाईल नंबर म्हणजेच पाणी. टँकरच्या पाठीवर रंगवलेला, वॉचमन लोकांच्या फोनात ‘पाणी’ याच नावानं ठेवलेला. आमची नावं फार थोड्यांना ठाऊक, नंबर मात्र सगळ्यांना. तो विष्णूच्या नावावर होता. त्याच्या फोनात दोन सिमं, एक घरचं, एक धंद्याचं. फोन तो घ्यायचा, गल्ली सांगायचा. टँकर मी पळवायचो, पाईप मी ओढायचो, विहीरवाल्याशी घासाघीस करायचो तीही मीच.

टँकर दोन. जुना, गळका माझ्या नावावर. नवा विष्णूच्या, कारण कर्जाला सातबारा लागतो आणि माझ्या बापाची सगळी हयात मेंढरांमागं गेली. मीच म्हणालो होतो, तुझ्या नावावर घे. घरातलाच माणूस — लिहून काय घ्यायचं?

मग विष्णूला वेगळं व्हावंसं वाटलं. बैठक गावी, मामांच्या ओसरीवर. मुलगा त्यांचा, पंचही तेच.

“भांडण नको बाबा,” मामा म्हणाले. “ज्याच्या नावावर जे, ते त्याचं.”

मी कपबशी आपटली. “मामा, तो टँकर मी भाव पाडून आणला. दोघांच्या घामावर आलाय. नावाचं काय घेऊन बसलात?”

“कागद हाय का तुझ्यापाशी? नाय ना? मग बस खाली.”

विष्णू खाली मान घालून बसला होता.  रविवारी लिहून घ्यायचं ठरलं. म्हणजे नवा टँकर त्याचा, नंबरही त्याचा. मला ते गळकं डबडं.

कागदच पाहिजे ना? बरं.

माझ्या नावावर एक रिकामा नंबर होता. स्कीममध्ये घेतलेला, कधी कुणाचा फोन न येणारा. शनिवारी मी विष्णूला म्हणालो, कंपनीचा मेसेज आलाय, कागद पुन्हा दिले नाहीत तर नंबर बंद पडतील. ओळखीच्या मोबाईलवाल्याकडं नेलं. मोबाईलवाल्यानं दोन फॉर्म पुढं केले. विष्णूनं दोन्हीवर सह्या केल्या, मशीनवर अंगठा ठेवला आणि म्हणाला, “चल, उसाचा रस पिऊ.” वाचलं नाही. मी सोबत असलो की तो कधीच काही वाचत नसे.

रिकामा नंबर त्याच्या नावावर गेला, ‘पाणी’ माझ्या; मोबाईलवाल्यानं दोन्ही फोनांतली सिमंही बदलली. फोन तोच, कव्हर तेच — त्याला कळणार कसं? स्वतःच्या नंबरावर कोण फोन लावून बघतं? रविवारी मामांनी त्यांचाच नियम कागदावर उतरवला. पहिली सही मी केली. ‘पाणी’ तिथंच वाजू नये म्हणून माझा फोन बंद करून खिशात ठेवला होता.

सोमवारपासून माझ्या फोनला उसंत नव्हती. “फोन घेणारे ते दुसरे कुठंयत?” लोक विचारायचे. “कामात आहेत,” मी सांगायचो.

इथवर मी मान ताठ ठेवून सांगू शकतो. पुढचं — पुढचं जरा वेगळं आहे.

तिसऱ्या आठवड्यात विष्णू माझ्याकडं आला. “तुझं लई जोरात चाललंय. माझा फोन मेलाय का काय? बघ की जरा.” आणि फोन माझ्या हातात दिला. मलाच दिला. दोन्ही सिमांच्या रेंजच्या काड्या पूर्ण दिसत होत्या. खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? भांडण झालं असतं, दुसरं काय? भांडणाला मी कधी भ्यालो? त्या दिवशी भ्यालो.

“तुझ्या घराकडं रेंज नाय,” मी म्हणालो. “गच्चीवर बसून बघ.”

तो बसला. भर उन्हात, डोक्यावर टॉवेल, समोर फोन. खाली भरलेला टँकर उभा. वहिनी चहा वर नेऊन द्यायच्या. त्या गल्लीत माझी खेप असली की तो वरून हात करायचा — मीही करायचो.

उन्हाळा सरायच्या आत त्यानं टँकर विकला. आता बिडकीनला कामगारांची बस चालवतो. भेटला की म्हणतो, “तुझं नशीबच थोर, बाबा.” 

नंबर घेतला त्याचं मला वाईट वाटत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा घेईन. गच्चीवर बसवलं ते मात्र कुणाच्या नियमात नव्हतं. ते माझं. त्याला कारण देत नाही, माफीही मागत नाही.

मामा, हे तुमच्या कानावर गेलं की तुम्ही तणतणत याल. या. बैठक बसवा, पण पंच बाहेरचे आणा. गच्चीचा जाब मी उभ्यानं देईन. त्या टँकरचा जाब तुम्ही द्या. आधी तुम्ही.