एक हात बाकी

हाती घेतलेलं काम संपवायचं कसं, हे अजिबात ठाऊक नसलेला माणूस उभ्या बुलडाणा जिल्ह्यात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. अमडापूरला घरामागच्या गोठ्यात ते जुन्या गाड्या दुरुस्त करून रंगवायचे. रंगवायचे म्हणजे रंगवतच राहायचे. रंगाच्या एका थराला आमच्याकडे 'हात' म्हणतात. पहिला हात, दुसरा हात, असं. साडूंच्या हाताखालच्या गाडीला किती हात झाले हे कुणी मोजलेलं नसायचं, पण कधीही विचारा, "भाऊ, कुठवर आलं?" उत्तर ठरलेलं: "झालंच समजा, मास्तर. एक हात बाकी हाये." मेहकरच्या एका गृहस्थांनी मुलाच्या वरातीसाठी म्हणून आपली जुनी जीप त्यांच्याकडे टाकली होती. ती परत मिळाली तेव्हा घरात नातवाचं बारसं होतं. साडू त्या बारशालाही आले आणि भर पंगतीतून उठून जीपच्या मडगार्डवर बोट फिरवून आले. "तिथं एक हात राह्यलाच," असं ते माझ्या कानाशी म्हणाले, आणि मला पुढचं जेवण गोड लागेना, कारण त्या एका हाताआधीचं घासकाम माझ्या वाट्याला येणार हे मी ओळखून होतो.

मी मेहकरच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेला माणूस. रविवारी बायकोला तिच्या बहिणीकडे, म्हणजे आमच्या अक्कांकडे, अमडापूरला न्यायचं हा आमचा शिरस्ता. त्या दोघी ओसरीवर बसून बोलायच्या आणि मी गोठ्यात पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर घेऊन कुणाच्या तरी गाडीचा दरवाजा घासत बसायचो. गोठा म्हणायचा तो आपला सवयीनं. निवृत्तीनंतर साडूंनी पहिलं काम केलं ते हे, की म्हशीला लिंबाखाली हलवलं आणि तिच्या जागी गाडी बांधली. बांधली हाच शब्द बरोबर आहे, कारण चाकामागे दगड ठेवूनही त्यांचा भरवसा नसायचा, बंपरला दावं असायचंच. रंगाची गन हातात घेतली की घरात संचारबंदी. झाडायचं नाही, धूळ उडते. फोडणी द्यायची नाही, तेलाचा धूर बसतो. शिंक आली तर रस्त्यावर जाऊन शिंकायचं. गाडीच्या चारी बाजूंना अक्कांच्या जुन्या लुगड्यांचे पडदे लागायचे आणि आत साडू नाकाला पंचा बांधून वावरायचे. बाहेर आले की त्यांच्या भुवया त्या दिवशीच्या रंगाच्या झालेल्या असत. म्हशीचं एक शिंग तर कायमचंच निळं झालं होतं. एकदा एक चिलट ओल्या दरवाजावर येऊन बसलं आणि तिथंच चिकटलं. दुसऱ्या कुणीही ते चिमट्यानं काढून टाकलं असतं. साडूंनी सबंध दरवाजा पत्र्यापर्यंत खरवडला. "पाय राह्यला असंन त्याचा आत," म्हणाले. त्या चिलटाला मी मनातल्या मनात ज्या शिव्या दिल्या, त्या मी कोणत्याही वर्गाला शिकवलेल्या नाहीत.

ज्या गाडीचा तो दरवाजा, ती गाडी मात्र गिऱ्हाइकाची नव्हती, त्यांची स्वतःची होती, आणि तिची हकीकत हसण्यासारखी नाही. साडू सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. पांढरी ॲम्बॅसॅडर आणि मागे साहेब. सगळ्या नोकरीत त्यांनी त्या गाडीत घरचं माणूस एकदाही बसवलं नाही. सचोटीचा माणूस, आणि त्या सचोटीचा त्यांना थोडा ताठाही होता. एके सकाळी संग्रामपूरहून निरोप आला की अक्कांची आई अत्यवस्थ आहे. अक्का पिशवी घेऊन फाट्यावर येऊन उभ्या राहिल्या. तेवढ्यात चिखलीकडून पांढरी गाडी आली. ती साहेबांना आणायला खामगावला चालली होती, रिकामी. साडूंनी अक्कांना पाहिलं, बस येईलच अशा अर्थाचा हात खिडकीतून दाखवला आणि ते न थांबता निघून गेले. बस त्या दिवशी दुपारपर्यंत आली नाही. अक्का माहेरी पोचल्या तेव्हा माणसं स्मशानातून परतत होती. यावर त्या नवऱ्याला एका शब्दानं बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर दोघांनाही बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं.

पुढे साडू निवृत्त झाले, गाडीही म्हातारी झाली, आणि खात्यानं ती लिलावात काढली तेव्हा साडूंनीच ती घेतली. गोठ्यात आणून उभी केली आणि ओसरीवर येऊन अक्कांना म्हणाले, "आता हे आपली हाये. तुले मागच्या शिटावर बसवून संग्रामपूरले नेतो." अक्का गहू निवडत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "पांढऱ्या गाडीत मी बसत नाई. फुफाटा खाल्ला म्या त्या गाडीचा."

"मंग कोणता रंग देऊ?"

"जवसाच्या फुलाचा," अक्का म्हणाल्या आणि पुन्हा गव्हातले खडे काढू लागल्या.

जवसाची चटणी मी जन्मभर खाल्ली, पण जवसाचं फूल कसं असतं हे, खरं सांगतो, मला माहीत नव्हतं. ते हिवाळ्यात येतं, सकाळी उमलतं आणि ऊन चढलं की त्याच्या पाकळ्या गळून पडतात. म्हणजे वर्षातला जेमतेम महिना-दीड महिना, आणि त्यातही दुपारआधीचे दोन-तीन तास. साडूंनी घरामागे वाफाभर जवस पेरला तो केवळ रंग जुळवायला. सकाळी वाफ्यात उकिडवं बसायचं, फूल निरखायचं, वाटीत रंग कालवायचा, पत्र्याच्या पट्टीवर लावायचा. पट्टी वाळेपर्यंत फूल जमिनीवर. मग उद्या पुन्हा. दोरीवर कपड्यांच्या जागी निळ्या पट्ट्या लटकायच्या. शेजारणींना ती माकडं हाकलायची युक्ती वाटली आणि त्यांनी आपापल्या गच्चीसाठी चार-चार पट्ट्या मागून नेल्या. मी मराठीचा मास्तर, म्हणून मला खास विचारणा व्हायची, "हा कोणता रंग म्हणसान?" मी आकाशी म्हणालो, अस्मानी म्हणालो, मोरपंखी म्हणालो, माझ्याजवळचे सगळे शब्द संपले. साडू खिन्न होऊन मान हलवायचे. येणाऱ्याजाणाऱ्यालाही ते सोडत नसत. पोस्टमन म्हणाला, दौतीतली शाई. किराणा दुकानदार म्हणाला, रेशनचं रॉकेल. "ज्या दिवशी कोणी न सांगता जवस म्हणंन, त्या दिवशी रंग झाला," असं साडूंनी ठरवून टाकलं होतं, आणि जवस काही कुणी म्हणेना.

अखेरचा निकाल अक्कांचा असायचा. रोज सकाळी साडू पट्टी घेऊन ओसरीवर जायचे, अक्का ती डोळ्यांजवळ धरायच्या आणि सांगायच्या, "पांढरा जास्त पडला," किंवा "जरा निया जास्त हाये." ('ळ' हे अक्षर मी अमडापुरात इतकी वर्षं शोधतो आहे, अजून सापडलेलं नाही.) एवढं ऐकलं की साडू मुकाट्यानं परत वाफ्याकडे. कधी जुळल्यासारखा वाटून एखादा दरवाजा रंगवला जायचा आणि दुसऱ्या दिवशीच्या निकालावर तो खरवडलाही जायचा. असे दोन हिवाळे गेले.

मधल्या काळात अक्कांना काचबिंदू निघाला. चिखलीच्या डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं की गेलेली नजर परत येत नाही, उरलेली जपा. अक्का विचारलं तर "धुरकट दिसते" एवढंच म्हणायच्या. आता तरी साडू घाई करतील असं आम्हाला वाटलं, तर त्यांचा हात उलट आणखी मंदावला. अक्कांना दिसेल तो रंग अचूकच असला पाहिजे, हे त्यांच्या डोक्यात बसलेलं. मला त्यांचा राग यायचा. एकदा मी तोंडावर बोललो, "भाऊ, हाताला येईल तो निळा मारा आणि न्या त्यांना एकदाच्या."

साडू पेपर घासायचे थांबले. "एक डाव चुकलो, मास्तर, त्या फाट्यावर," ते म्हणाले. "आता याच्यात नाई चुकायचं मले." मी पुढचा दरवाजा घासायला घेतला.

तिसऱ्या हिवाळ्यातल्या एका रविवारी मी ओसरीवरच होतो. साडूंनी पट्टी आणून अक्कांच्या हातात दिली. त्यांनी ती नेहमीसारखी डोळ्यांजवळ नेली, उजेडाकडे जरा तिरकी केली आणि म्हणाल्या, "निया जास्त हाये थोडा. पांढरा टाका." पट्टी उलटी होती. अक्कांच्या डोळ्यांसमोर होती ती मागची बाजू, आणि तिच्यावर नुसतं रंगाआधी मारायचं तांबडं अस्तर होतं. निळ्याचा एक ठिपकासुद्धा नव्हता.

साडूंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. "हाव, टाकतो," ते म्हणाले आणि पट्टी घेऊन गोठ्यात गेले. अक्का किती दिवसांपासून नुसत्या अंदाजानं सांगत होत्या, देव जाणे. आपल्याला दिसत नाही असं म्हटलं, तर हा माणूस गन खाली ठेवेल ती पुन्हा उचलणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्या रोज काहीतरी कमी-जास्त सांगत राहिल्या, आणि इकडे त्यांच्या अंदाजावर साडू अख्खे दरवाजे खरवडत राहिले. मी घासलेला एकेक दरवाजा मला आठवला. एरवी मी त्यावर विनोद केला असता, पण त्या दिवशी मला अक्कांसमोर बसवेना.

आम्ही त्या दिवशी मुक्काम केला. सकाळी साडू वाफ्यात गेले, एक फूल तोडून आणलं, वाटीत रंग कालवला आणि कुणालाही न दाखवता सबंध गाडीवर हात मारून काढला. दुपारी पंचा सोडत ओसरीवर आले. "झाली," म्हणाले. अक्का उठल्या, भिंत धरत-धरत गोठ्यात गेल्या, आणि रंग ओला आहे हे कुणी सांगायच्या आत त्यांनी बॉनेटवर तळवा टेकवला. उचलला तेव्हा पाचही बोटं उमटली होती. चिलटाच्या पायासाठी दरवाजा खरवडणारा माणूस शेजारीच उभा होता.

"ओला होता काय?" अक्का कावऱ्याबावऱ्या झाल्या. "काऊन नाई सांगितलं मले?"

साडूंनी थिनरचा बोळा घेऊन त्यांचा तळवा पुसला, मग एकेक बोट पुसलं. "राहू दे. पोयाले बैलाच्या पाठीवर थापा मारत नाई काय आपण? तसाच हाये."

"मंग आखीन एक हात बाकी राह्यला ना?"

"नाई," साडू म्हणाले. "हाच बाकी होता."

पुढच्या रविवारी आम्ही संग्रामपूरला निघालो. साहेबांसाठी उघडायचे तसं साडूंनी खाली उतरून मागचं दार उघडलं. मागे अक्का आणि माझी बायको, पुढे मी. फाटा जवळ आला तशी गाडी आपसूक मंद झाली.

"फाटा आला काय?" अक्कांनी मागून विचारलं.

"हाव."

"कोणी उभं हाये काय तिथं?"

साडूंनी काचेतून नीट पाहिलं. "एक बाई हाये. पिशवी घेऊन."

"मंग थांबवा ना."

साडूंनी गाडी थांबवली. बाईला खामगावला जायचं होतं. बायकोनं सरकून जागा दिली. बाई टेकली, पिशवी मांडीवर घेतली, पदरानं तोंड पुसलं आणि हातानं दार चाचपत म्हणाली, "कुठली हो गाडी तुमची? दुरून येताना मले जवस फुलल्यावानी दिसली."

मी मागे वळून पाहिलं. अक्का खिडकीबाहेर तोंड करून बसल्या होत्या. मग त्यांनी त्या बाईचा हात शोधून धरला आणि विचारलं, "कशी दिसली म्हटलं?"

"जवसावानी, बाई."

साडूंनी आरसा वर फिरवून टाकला, मागचं दिसू नये असा, आणि ते समोर बघत गाडी चालवत राहिले. रंग जुळला होता. अक्कांच्या निकालावर खरवडलेल्या एखाद्या दरवाजावर आधीच्याच हिवाळ्यात तो कधीतरी जुळून गेला असणार, तेव्हा अक्कांना थोडंफार दिसतही असणार, हे त्यांना कळलं आणि मलाही कळलं. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

साडू आता कुणाच्या गाड्या घेत नाहीत. ॲम्बॅसॅडर गोठ्यात असते, बॉनेटवरचा थापा तसाच आहे, दावं मात्र अजून बांधतात. मी रविवारी जातो, पण मला घासायला काही नसतं, आणि ज्या कामाची मी इतकी वर्षं कुरकुर केली त्याच्यावाचून मला तिथं करमत नाही. वाफ्यात यंदाही जवस पेरला आहे. सकाळी साडू अक्कांना हाताला धरून तिथवर नेतात आणि आज किती फुलं उमलली ते मोजून सांगतात. दुपारी ती गळतात. ते मात्र साडू सांगत नाहीत, आणि अक्काही विचारत नाहीत.