वास येतोय तोवर

तिला गल्लीत सगळे वाफेवाली म्हणत. डॉक्टरेट करतेय म्हटल्यावर लोकांनी आधी तिला गुडघेदुखीवर औषध विचारून हैराण केलं. मग कळलं, की ही पोरगी औषधपाण्यातली नाही. टेकडीवर जमिनीच्या पोटातली वाफ काढून वीज करतात, त्या विहिरीचे पाइप तपासते. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचे वडील मात्र फोनवर भेटेल त्याला ऐकवत, आमच्या मुलीला शिकायचे पैसे मिळतात बरं का, भरावे लागत नाहीत. खरंच होतं ते. ज्या कंपनीची विहीर, तीच तिला विद्यावेतन द्यायची. विहीर चालू तर संशोधन चालू, इतकं सरळ होतं.

खोली मिळाली होती टेकडीच्या पायथ्याशी, एका सुताराच्या घरी. विहीर वर, घर खाली. सुतारकाका तळघरात रंधा चालवायचे आणि काकू वरून तोंड. माणसं मोठी प्रेमळ. पण वाफेवालीच्या कपड्यांना विहिरीतल्या गॅसचा वास यायचा, सडक्या अंड्यांसारखा, म्हणून काकू तिचे कपडे वेगळ्या दोरीवर वाळत घालत. तुझ्यासाठी कायमची सर्दी झालेला नवरा शोधावा लागणार, असं वर म्हणत.

एकदा जेवताना तिनं सांगितलं, विहिरीवर पहिल्याच दिवशी काय शिकवतात ते. वास येतोय तोवर बरं. गॅस फार झाला की आधी नाकच मरतं, त्यामुळे वास एकाएकी गेला तर मागे न बघता पळायचं. आणि कुणी खाली पडलेला दिसला तरी त्याच्यामागे उतरायचं नाही, कारण मग एकाचे दोन होतात.

"म्हणजे आमच्या हिच्यासारखंच की," काका म्हणाले. "बडबडतेय तोवर काळजी नाही."

काकूंनी डाव उगारला. सगळे पोट धरून हसले.

ही गोष्ट झाली तेव्हा तिची चार वर्षं सरली होती, प्रबंध हातातोंडाशी आला होता. आणि नेमका तेव्हाच तिला दिसलं, की जमिनीलगतचा पाइप आतून खाल्ला जातोय. करंगळीएवढं जाड लोखंड काही जागी नखाएवढं उरलं होतं. ती धावत तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेली. सर चिडले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात म्हणाले, एका मोजमापावर बोंब मारायची नसते, पुढच्या महिन्यात पुन्हा मोजू. आत्ता विहीर बंद पडली तर तुझी चार वर्षं मातीत जातील. तिनं मान डोलावली. मान डोलवायला कितीसं बळ लागतं?

मग एका संध्याकाळी काका तळघरातून दुकानदाराला शिव्या देत वर आले. कपाटासाठी आणलेल्या नव्याकोऱ्या पितळी कड्या आठवड्याभरात काळ्याठिक्कर पडल्या होत्या. लबाडानं बनावट माल गळ्यात मारला, म्हणाले. तिनं एक कडी हातात घेतली आणि ओळखलं, पितळ असं काळं पडतं ते विहिरीतल्या गॅसनं. दुकानदार बिचारा निर्दोष होता. तो गॅस हवेहून जड, उतारानं खाली येऊन खोलगट जागा धरून बसतो, हे तिच्याइतकं त्या घरात कुणाला ठाऊक होतं?

"काका, खालची खिडकी उघडी ठेवत जा," एवढंच ती म्हणाली.

गॅस दाखवणारं यंत्र विहिरीच्या फाटकावर ठेवूनच घरी यायचा नियम होता. दुसऱ्या दिवशी तिनं तो मोडला आणि रात्री यंत्र घरी आणलं. सकाळी गुपचूप तळघरात यंत्र धरून बघू, खरंच काही निघालं तर बोलू, नाहीतर उगाच घरभर भीती कशाला, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

आणि सकाळी नेमका डोळाच उघडला नाही.

उठून बाहेर आली तर काकू मजेत कपडे वाळत घालत होत्या, तिचेही, त्यांच्याच दोरीवर.

"आज वास गेला गं बाई," काकू म्हणाल्या. "हे आत्ताच खालून ओरडून सांगत होते. उतरले तेव्हा भपकारा आला म्हणे, आणि मग एकदम काहीच नाही. मी म्हटलं, आपल्या वाफेवालीनंच केलं असेल काहीतरी."

"काका कुठे आहेत?"

"खालीच. रंधा मारतायत की."

दोघींनी कान दिला. रंध्याचा आवाज नव्हता.

ती यंत्र घेऊन तळघराच्या जिन्याशी धावली. पहिल्याच पायरीवर ते किंचाळायला लागलं. खाली, शेवटच्या पायरीपाशी, काकांची एक चप्पल दिसत होती आणि चपलेत पाय होता. तिनं हाका मारल्या. पाय हलला नाही. तिनं विहिरीवर फोन केला, प्राणवायूचे मुखवटे घेऊन या म्हणाली. तिकडून निघालोच म्हणाले. तोवर काकू तिला ढकलून खाली उतरायला बघत होत्या. तिनं त्यांना कमरेला धरून मागे ओढलं आणि पायानं दार लोटलं. काकूंनी बोचकारलं, शिव्या दिल्या, पाया पडते म्हणाल्या. तिनं सोडलं नाही.

मग काकू एकाएकी थांबल्या. तिच्या हातातल्या यंत्राकडे बघत राहिल्या.

"हे तर तू फाटकावर ठेवून येतेस ना?" त्यांनी विचारलं. "घरी कधी आणलंस?"

"काल," ती म्हणाली, आणि हात सोडले नाहीत.