एक हजार तीन फरश्या

२०२३ साल. माझं वय एकाहत्तर. शाळा चौथीपर्यंत, फरशीकाम पन्नास वर्षं. विश्रांतवाडीत आमच्या विहाराशेजारी मोकळी जागा होती, वीस फूट रुंद, साठ लांब. तिथे घरटी एक, अशी फूटभर चौकोनी फरशी जमवून बसवायचं ठरलं. लोकांनी फरशीच्या पाठीवर नाव लिहून आणलं. मोजल्या तर एक हजार तीन.

कमिटीनं एक इंजिनिअर धरून आणला. लॅपटॉपवर त्यानं तेवढ्या वेळात रेघा मारल्या, जेवढ्यात मी तंबाखू मळतो.

"काका, वीस-वीसच्या पन्नास ओळी. तीन उरतील, त्या स्टोअरमध्ये टाकू."

"कोणती तीन घरं स्टोअरमध्ये, ते दारोदार जाऊन तुम्हीच सांगा. चहा विचारतात का बघा."

"मग शेवटी वेगळ्या लावू."

"पंगतीबाहेर तीन पानं? ते आमच्या बापजाद्यांनी पुष्कळ पाहिलंय, साहेब."

तो परत लॅपटॉपकडे वळला. एवढा शिकलेला माणूस, पण आकडा फोडून बघायची अक्कल नाही. मीच पेन्सिल घेतली. दोनानं जाईना, तिनानं जाईना, पाचानं तर नाहीच. साताला दोन उरले, अकराला दोन, तेरालाही दोनच. मी पेन्सिल कानावर ठेवली आणि सगळ्यांसमोर ठणकावलं, "हा आकडा फुटतच नाही. देवळाच्या पायऱ्यांसारखी एकाखाली एक, अशी एकच रांग लावाल तेव्हाच काही उरणार नाही!"

"मग झालं तर," इंजिनिअर हसला. "काकाच म्हणतात. तीन स्टोअरमध्ये."

अध्यक्षांनीही मान डोलावली. त्या तीन घरांना मीच बाहेर काढून आलो होतो.

घरी बायको भाजी निवडत होती. ती सातवी पास, हे लग्नापासून ऐकतोय. सगळं ऐकून म्हणाली, "अहो, सतरानं बघितलंत?"

"तेरापर्यंत बघितलं की."

"तुमचे पाढे तेराला संपले म्हणून काय आकडे तिथे संपतात? सतरा साठे एक हजार वीस. त्यातून एक सतरा काढा."

मी काढले. एक हजार तीन. सतराच्या एकोणसाठ ओळी, एकही फरशी उरत नाही, आणि कडेला तीन फूट झाडांना.

"हे मला माहीत होतं," मी म्हटलं.

"हो, दिसलं," म्हणून तिनं देठं माझ्या पुढ्यात लोटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साताच्या आत मी विहाराशेजारी दोरी ताणून सतरा फरश्यांची पहिली ओळ लावली. इंजिनिअर आला, मोजत उभा राहिला. "काका, काल तर म्हणालात फुटत नाही."

"काल मी चुकलो," मी म्हटलं. "तुम्ही तर बघितलंच नव्हतं. ती अठरावी उचला आणि इकडे द्या."