बिल्ला क्रमांक एक

दादाची माझी शेवटची भेट झाली, तेव्हा तो ओटीवर बसून पितळी बिल्ले चिंचेने घासत होता. तळ्यावरचे मासेमारीचे परवाने बंद होऊन वर्ष उलटलं होतं. बिल्ले कुणी परतसुद्धा मागितले नव्हते. तरी एकेक बिल्ला घासून, धुवून, पंच्याने पुसून तो फळीवरच्या खिळ्याला टांगत होता. "कशाला रे हा उद्योग?" मी म्हटलं. "काळे पडतात बाय. उद्या कुणी मागितले तर?" कुणी मागणार नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. चार दिवसांनी तलासरीला माझ्या घरी वहिनीचा फोन आला... दादा सकाळी चहा पिता पिता गेला. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी तेव्हाही म्हटलं आणि आज नऊ आठवड्यांनीही म्हणते, की माझ्या भावाला एका माणसाने मारलं. त्या माणसाचं नाव मी इथे लिहिणार नाही. पेपरात आलेलं स्वतःचं नाव कापून वहीत चिकटवायची त्याला हौस आहे, आणि ती मी दादाच्या मरणावर भागवू देणार नाही.

दादा म्हणजे काशिनाथ. गंजाडच्या पलीकडे आमचा पाडा, थोडी भातशेती, आणि पाड्याला लागून तळं. तळ्यातले मासे सांभाळायला आमची छोटी मच्छीमार संस्था आहे, दादा तिचा सचिव. पूर्वी कुणीही यायचं, बारीक जाळं ओढायचं, बोटाएवढी पिल्लंही टोपलीत घालून न्यायचं. शेवटी तळ्यात बेडूक तेवढे राहिले. त्याच सुमारास मुंबईहून, वापीहून हौशी गळवाले रविवारी येऊ लागले होते. दादाच्या डोक्यात आलं, गळ टाकायचा तर परवाना घ्या. पैसे भरा, पावती घ्या, नंबराचा बिल्ला गळ्यात घाला आणि संध्याकाळी परत करा. पाड्यातल्यांनाही परवाना, फक्त स्वस्त. वहिनीचं माहेर चिंचणीचं, समुद्रावरच्या माणसांचं. तिचे भाऊ पोट धरून हसले. "भावजी, पाण्याला तिकीट लावलं? उद्या वाऱ्याला लावाल!" दादाही हसला, पण पुढच्या वर्षी त्याच भावांना बोलावून त्याने हातभर लांब कटला मासा दाखवला. परवान्याच्या पैशातून पावसाळ्यात बोटुकली यायची, म्हणजे बोटभर मोठी झालेली माशांची पिल्लं. पाड्यातली दोन माणसं राखणदार म्हणून पगारावर होती. मासे अंडी घालतात त्या महिन्यांत गळ पूर्ण बंद. गळवाल्यांसाठी काठावर बसायला दगडी पायऱ्या झाल्या, त्याही त्याच पैशातून. आणि दरवर्षी पहिला परवाना दादा स्वतःच्या खिशातून घ्यायचा. बिल्ला क्रमांक एक. सचिवाने कशाला पैसे भरायचे, असं मी विचारलं तर म्हणाला, "मी नाही भरले तर दुसऱ्याकडे मागू कुठल्या तोंडाने?"

विनापरवाना सापडलेल्यासाठी त्याने एक शिक्षा काढली होती. बोटुकली हवा भरलेल्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून येते. पिशवी आणली आणि ओतली असं चालत नाही, पिशवीतलं पाणी आणि तळ्याचं पाणी सारखं गार-ऊन व्हावं लागतं, नाहीतर पिल्लं जागीच मरतात. तोवर कुणीतरी मांडीभर पाण्यात उतरून पिशवी तरंगती धरायची. हे काम गुन्हेगाराचं. दंडाची पावती वेगळी. दादा म्हणायचा, पैसे भरून माणूस विसरतो, पण पिल्लं हातात धरलेला माणूस पुन्हा चोरी करत नाही. माझा भाऊ भोळा होता.

तळ्याच्या वरच्या अंगाला त्या माणसाचं फार्महाऊस उभं राहिलं, तेव्हा दादाने आयुष्यातली एक चूक केली. आमच्याकडे पहिल्यांदा दारी आलेल्याला रिकाम्या हाताने धाडत नाहीत. तो बघायला आला, दादाने कौतुकाने त्याच्या गळ्यात बिल्ला घातला. पैसे घेतले नाहीत, म्हणून पावतीही नाही. पाहुणचार केला, दुसरं काय! पुढे ऐन बंदीत त्याचे पाहुणे मागच्या दाराने गळ टाकू लागले. दादाने दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा गळ जप्त केले. मग संस्थेच्या सभेत तो माणूस उभा राहिला, तोच बिल्ला सगळ्यांसमोर नाचवत. "मला विनापावती दिला. असे किती दिले असतील? पैसे गेले कुठे?" माझा दादा पन्नास माणसांत एवढंच म्हणाला, "ते तर तुम्हाला... पाहुणे म्हणून..." लोक हसले. मी तिथे होते, कोण कोण हसलं ते मला पाठ आहे. त्याच सभेत दादाला काढलं, चौकशी लावली आणि परवाने बंद केले. "तळं सगळ्यांचं, मासे फुकट!" अशी घोषणा देऊन तो माणूस टाळ्या घेऊन गेला. फुकटचं तळं एका वर्षात रिकामं झालं. राखणदार तारापूरच्या कारखान्यात कामाला लागले. दादा त्या दिवसापासून तळ्याकडे फिरकला नाही, पाच मिनिटांच्या वाटेवर असून.

चौकशीचं पत्र आलं ते दादाच्या बाराव्याला. पंगत बसली होती. एकूणएक पावती जुळते, शिल्लक बँकेत जशीच्या तशी आहे, कोणताही दोष नाही, असं त्यात होतं. मी ते पत्र पंगतीत उभी राहून मोठ्याने वाचलं. शाळेत मुलांना धडा वाचून दाखवायची सवय आहे मला, खणखणीत वाचलं. त्या सभेत हसलेल्यांचे हात पानावरच थांबले. तो माणूसही आला होता, हार घेऊन. म्हणाला, "बाई, तळ्याला काशिनाथभाऊंचं नाव देऊ. कमान मी बांधतो." मी म्हटलं, "आधी जेवा. रिकाम्या हाताने धाडायची आमची रीत नाही." त्याला कळलं नसेल, वहिनीला मात्र कळलं. तिने पहिल्यांदा डोळे पुसले.

नंतरच्या सभेत वडिलांच्या जागची सभासद म्हणून मी उभी राहिले आणि सचिव झाले. विरोध करायला कुणाला तोंड नव्हतं. परवाने पुन्हा सुरू करायचं ठरलं, राखणदार परत आले. आणि दादाने खाल्ले म्हणत होते त्याच शिल्लक पैशांची बोटुकली आणायची ठरली. गाडी यायच्या आदल्या दिवशी राखणदाराचा फोन आला, "ताय, बंदी असून तो स्वतःच गळ टाकून बसलाय, पाठच्या बाजूला." खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सगळा पाडा काठावर. निवडणूक तोंडावर, त्याला पाड्याची मतं हवी होती, त्यामुळे येणं भाग होतं. "बाई, दंड घ्या, विषय संपवा," तो हळूच म्हणाला. मी पावती फाडून हातात दिली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत तो उतरला. त्याने दोन्ही हातांत पिशवी धरली. पँट चिखलाने भरली, चप्पल गाळात राहिली, मोबाइल वाजत राहिला आणि उचलायला हात मोकळा नव्हता. मी मनात म्हणत होते, उभा राहा. दादा वर्षभर घरात तोंड लपवून बसला, तू संध्याकाळपर्यंत तरी उभा राहा. त्याने दोनदा विचारलं, "झालं का?" मी दोनदा म्हटलं, "नाही." दुसऱ्या वेळी ते खोटं होतं. तेवढ्यात राखणदार कानाशी आला. "ताय, पिल्लं वर येऊन तोंड उघडतायत. आता सोडायला पाहिजेत." मी पिशवीकडे पाहिलं. त्या माणसाला मी सोडला नसता... पण ती दादाची पिल्लं होती. "सोडा," मी म्हटलं. त्याने पिशवीचं तोंड उघडलं आणि पिल्लं पाण्यात गेली.

वर येऊन तो कपडे पिळत, चारचौघांना ऐकू जाईल असं म्हणाला, "बंदी उठली की पहिला परवाना माझा. एक नंबरचा बिल्ला ठेवा हां, बाई." मी म्हटलं, "तो गेलाय. तुम्हाला रांगेत येईल तो मिळेल."

संध्याकाळी दादाच्या ओटीवर आले. बिल्ले फळीवर ओळीने टांगलेले, त्याने घासलेले, अजून लखलखीत. एक नंबरचा काढला आणि वहिनीच्या हातात दिला. मग पावती पुस्तक उघडलं, माझ्या पिशवीतून पैसे काढून डब्यात टाकले आणि पहिल्या पानावर नाव घातलं, काशिनाथ. आता दरवर्षी पहिली पावती त्याचीच फाटेल, आणि तो माणूस जगेल तितकी वर्षं रांगेत त्याच्या मागेच उभा राहील.