थरथर कोणाची

वाडीत माझं गॅरेज होतं तेव्हा मला एक खोड होती. गाडीत दोष सापडला नाही की मी तो ड्रायव्हरात शोधायचो. ड्रायव्हर बिचारे ऐकून घेत. मिस्त्री म्हणतो म्हणजे असेलच.

शेजारी किराणा मालाचं गोडाऊन होतं. तिथल्या शेठकडे एक जुनी पिकअप होती, आणि ती चालवायला तिच्याहून जुना ड्रायव्हर. तो पारशिवनीपर्यंतच्या दुकानांना माल पोचवायचा. साठीला टेकलेला, बोटं किंचित कापायची, पण उभ्या जन्मात त्याने कुणाची कोंबडीसुद्धा चिरडली नव्हती, आणि हे तो रोज ऐकवायचा. मला त्याचा मनस्वी राग होता. मी गाडीखालून बाहेर आलो की हा वाकून माझं काम बघणार!

एक दिवस तो म्हणाला, "मिस्त्री, पाय उचलला का गाडी थरथरून राहिली गा. अ‍ॅक्सिलेटर दाबला का ठीक हाय. सोडला का बुडाखालून थरथर येते."

मी चाकं बघितली, स्प्रिंगचे पाटे बघितले, शाफ्टचे जॉइंट हलवून बघितले. सगळं घट्ट. मग शेठला शेजारी बसवून गाडी अमरावती रोडवर फिरवून आणली. पोटातलं पाणी हललं नाही. पेट्रोल महागल्याचे दिवस होते ते. वेग कमी करायचा तर आम्ही सगळे गिअर काढून गाडी नुसती वाहू द्यायचो. त्याला न्यूट्रल मारणं म्हणत, आणि ती आमची हुशारी. मीही न्यूट्रलच मारलं होतं.

म्हातारा मात्र कधी न्यूट्रल मारायचा नाही. "गिअर काढली गाडी म्हंजे बिनवेसणीचा बैल," म्हणायचा, आणि गिअरमध्येच गाडी हळू करायचा. हा पेट्रोल जाळतो म्हणून शेठ आधीच त्याच्यावर खार खाऊन होता.

"मंग थरथर काय माह्या मनाची हाय?" गाडीत दोष नाही म्हटल्यावर त्याने मला विचारलं.

"मनाची नाही काका, हाताची."

गोडाऊनचे हमाल हसले. हसणारे मिळाले की माझी जीभ सैल सुटायची. मी टपरीवरून काठोकाठ भरलेला चहाचा कप मागवला, बशीशिवाय. "शेठ, हा कप यांले गाडीपासून गोडाऊनपर्यंत न्यायले सांगा. सांडला का दोष कोनात हाय ते समजून जाईल."

शेठ हो म्हणाला. म्हातारा दोन्ही हातांनी कप धरून चालू लागला. एवढी माणसं रोखून बघत असताना माझ्याही हातून सांडला असता, आणि हे मला तेव्हाही कळत होतं. चहा त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. गरम होता, पण त्याने कप टाकला नाही. पायरीवर नेऊन ठेवला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

शेठने किल्ली मागून घेतली. "काका, आता घरी आराम करा. कोनाच्या अंगावर गाडी घालसान."

"मी कोनाले ठोकलं काय आजपर्यंत?" तो एवढंच म्हणाला. त्याच दिवशी त्याची नोकरी गेली.

नवा ड्रायव्हर न्यूट्रल मारणारा होता, त्याची काही तक्रार आली नाही. दोनेक महिन्यांनी ब्रेक नरम लागतो म्हणून गाडी माझ्याकडे आली. ब्रेकचा भरवसा नव्हता, म्हणून रस्त्यावर मी ती गिअरमध्येच हळू केली. पाय उचलला आणि सीटखालून थरथर आली. दाबला, गेली. उचलला, पुन्हा आली.

गाडी गॅरेजात आणली. खाली शिरून बघितलं. इंजिनाचा जोर मागे नेणारा शाफ्ट मागच्या चाकांमधल्या हाउसिंगला लागतो तिथला नट सैल होता. इंजिन गाडी ओढतं तोवर तो ढिलेपणा दबून राहायचा, आणि पाय उचलला, चाकं उलट इंजिनाला ढकलू लागली की जागा व्हायचा. म्हाताऱ्याच्या तक्रारीच्या आठवडाभर आधी ऑइल गळतं म्हणून तिथली सील मीच बदलली होती, नट मीच अंदाजाने आवळला होता. सगळं तपासलं होतं मी, माझं स्वतःचं काम सोडून.

नट नीट बसवला. शेठला ब्रेकचं सांगितलं, नटाचं नाही.

पुढे एका कामाने हिंगण्याला गेलो होतो. एका कारखान्याच्या सायकल स्टँडवर म्हातारा दिसला, सायकलींना बिल्ले अडकवत होता. त्याला खरं सांगायलाच गेलो होतो, असं मी नंतर कितीदा मनाशी म्हटलं. पण ते खोटं आहे. त्याने मला ओळखलं आणि बसायला स्वतःचं स्टूल दिलं.

"गाडी कशी हाय गा?"

"चांगली हाय काका."

"आता पाय उचलला का थरथरत नाही?"

"नाही."

हे खरंच होतं.

त्याने आपल्या बोटांकडे बघितलं. मग म्हणाला, "मंग माह्यातच होतं ते. मी उगाच तुह्या कामावर शक घेतला. माफ कर बाबू."

मी म्हणालो, "जाऊ द्या काका. होते असं कधी कधी."