हबशाच्या हातचा फेटा

धारूरच्या रहमतुल्लाची ही गोष्ट आमच्या वडिलांनी मला इतक्या वेळा सांगितलीय, की त्याचा आवाजसुद्धा मी ऐकलाय असं वाटतं. निजामाच्या राजवटीतली. वडील तेव्हा धारूरच्या तालमीत नवे नवे पहिलवान.

रहमतुल्लाचा आजा आफ्रिकेतून हैद्राबादच्या घोडदळात आलेला. नातूही त्याच फौजेत होता. उंचपुरा, कुळकुळीत काळा, केस मेंढीसारखे कुरळे. घोड्याच्या लाथेनं गुडघा गेला, नोकरी सुटली, तेव्हा तो बायकोच्या गावी धारूरला येऊन राहिला. सगळे त्याला हबशी म्हणायचे, गावातले मुसलमानसुद्धा.

वडगावच्या जत्रेत कुस्त्यांना पंच मात्र तोच लागे. पाठ टेकली का बघायला बाकीचे पंच वाकत. हा गाल मातीला लावून आडवा होई. जिंकणाऱ्याला पंचानं फेटा बांधायचा अशी तिथली रीत, आणि रहमतुल्लाला सगळ्या जत्रेत तेवढंच आवडे. फौजेतलं बांधणं ते, घोडा उधळला तरी सुटायचं नाही.

त्या वर्षी शेवटची जोड होती नांदूरघाटचा बंकट आणि धारूरचा युसूफ. जोड लावायच्या आधी नांदूरघाटचे धर्मराज पाटील आखाड्यात आले.

"पंच ह्योच राहू द्या. नजर चांगली हाय त्याची. पण बंकट जिंकला तर फेटा मी बांधणार. हबशाचा हात आमच्या पोराच्या डोक्याला लागायचा न्हाई."

जत्रेचे कारभारी आश्रुबा खाली बघत म्हणाले, "काय रे रहमतुल्ला?"

"कुस्ती लावा," तो म्हणाला.

कुस्ती लागली. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "ए काळ्या, बाजूला हो बे, पहिलवान दिसंनात. सावली कुठली अन् तू कुठला, काय कळंना." लोक पोट धरून हसले. धारूरवाल्यांतून आवाज आला, "बोलू द्या. हबशी आपला हाय, आपलंच बघंल."

रहमतुल्ला मातीत आडवा होता. बंकटनं युसूफला खांद्यावरून आपटलं. धुरळा उडाला आणि युसूफ माशासारखा पालथा झाला. पाठ टेकली होती का, ते गर्दीतल्या कुणालाच दिसलं नव्हतं. तरी दोन्ही गावं ओरडत होती, एक टेकली म्हणून, एक न्हाई म्हणून. रहमतुल्लानं न्हाई म्हटलं असतं तर पाटलाचं तोंड तिथंच बंद झालं असतं आणि धारूरनं त्याला खांद्यावर घेतलं असतं.

तो उठला. दाढी मातीनं भरलेली. त्यानं बंकटकडं बोट केलं.

"शेवटी हबशीच," धारूरवाले म्हणाले. "कुणाचाच न्हाई." एक ढेकूळ आलं ते त्याच्या मानेवर फुटलं. त्यानं खाली पडलेला तुकडा उचलला, बोटांत चुरला, आखाड्यात पसरला आणि पायानं सारखा केला. वडील म्हणायचे, तोंडावर काही म्हणजे काही नव्हतं. शेत सारखं करतोय असं वाटावं.

पाटलानं फेटा बांधला. हलगी वाजत मिरवणूक नांदूरघाटच्या वाटेला लागली.

रहमतुल्ला विहिरीवर तोंड धूत होता. पाणी प्यायला उतरलेले वडील खाली पायऱ्यांवर होते. वर बंकटचा आवाज आला म्हणून ते तसेच थांबले. बंकट एकटा आला होता, फेटा काखेत.

"चाचा, सुटतोय. वढ्यापतोर दोनदा सुटला. आसा गावात कसा जाऊ?"

"पाटलाला सांग."

"त्यांनीच बांधलाय न्हवं." बंकटनं मागं वळून बघितलं. "हितं कुणी न्हाई, चाचा. तुमी बांधा."

रहमतुल्लानं हात पुसले. "वाक," म्हणाला.

पीळ घातला, पदर खोचला, तुरा काढला. बंकटनं डोकं हलवून बघितलं.

"कुणाला सांगू नका."

रहमतुल्ला पुन्हा तोंड धुवायला लागला.

पाटलानं काय फेटा बांधला होता, म्हणून नांदूरघाटात पुढं कितीतरी वर्षं बोलत. पाटील स्वतःही सांगायचे, तेही रहमतुल्लासमोर.

दुसऱ्या दिवशी बैलगाडी धारूरला पोचली, वडील त्याच गाडीत होते. रहमतुल्लाची बायको रहेमतबी दारातच उभी होती.

"बांधला का फेटा?"

"बांधला."

"लोकं काय म्हणाली?"

"लोकं न्हवती," तो म्हणाला आणि आत गेला.